करून बघ की!

एका घरात मुलं किती असावीत, या विषयावर भारत सरकारचं आणि माझ्या आईवडिलांचं मत कधीच जुळलं नाही. सरकारनं लाल त्रिकोण काढला आणि आमच्या घरी चौथं, पाचवं, सहावं अशी मुलं होत राहिली. मी सहावा, १९७९ सालचा. म्हणजे आणीबाणी येऊन गेली, नसबंदीच्या मोहिमा झाल्या, त्यापायी सरकारही पडलं, त्यानंतरचा. माझ्यामागून १९८२ साली आणखी एक आला. अण्णा मिरजेला रेल्वेत पार्सल क्लार्क होते, त्यामुळे त्याला घरात सगळे 'गार्डाचा डबा' म्हणत. गार्डाचा डबा लागला म्हणजे गाडी पुरी झाली, आता मागे काही जोडायचं नाही, असा त्या नावात आईनं अण्णांना दिलेला इशारा होता, हे मला फार उशिरा, म्हणजे बी.कॉम. झाल्यावर कळलं.

योगायोग असा, की आमच्या रेल्वे चाळीच्या भिंतीवरच तो लाल त्रिकोण रंगवलेला होता. संध्याकाळी आम्ही सातजण त्याच्याखाली ओळीनं बसून शेंगा खायचो. येणारे-जाणारे आधी त्रिकोणाकडे बघत, मग आमच्याकडे बघत, आणि मग सरकारविषयी काही न बोलता पुढे जात.

पाचवीत असताना मला शाळेत 'छोटे कुटुंब, सुखी कुटुंब' या विषयावर निबंध आला. ज्या विषयाचा काडीचाही अनुभव नाही, त्यावर निबंध फार चांगला जमतो. मी दोन मुलं, नीटनेटकं घर, प्रत्येकाला वेगळं टेबल, रोज रात्री पेलाभर दूध असं काहीबाही लिहिलं आणि वर्गात पहिला आलो. आईनं तो निबंध सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायला लावला. शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "छान लिहिलंयस. पण यात तू नाहीस की रे!"

त्यानंतर मी लोकसंख्येच्या प्रश्नावर कधी मत दिलेलं नाही.

आम्ही सात भावंडं : ताई, दादा, अक्का, बापू, माई, मी आणि गार्डाचा डबा. वर आजी, आई आणि अण्णा. रेशनकार्डावर दहा माणसं. अण्णांना रेल्वेचा पास मिळे, त्यावर प्रत्येक मुलाचं नाव आणि वय लिहावं लागे, आणि टी.सी. आला की तो पास हातात धरून आमची शिरगणती करी. एकदा पंढरपूरच्या छोट्या गाडीत टी.सी.नं मोजली तर मुलं आठ भरली. पुन्हा मोजली, पुन्हा आठ. अण्णांना घाम फुटला. शेवटी निघालं असं, की पलीकडच्या बाकावरच्या कुटुंबातला एक पोरगा दशम्यांच्या वासावर आमच्यात येऊन बसला होता. टी.सी. त्याला उठवायला लागला, तर आई म्हणाली, "खाऊ दे की त्याला. खाल्ल्यावर मोजा."

त्या काळी मिरज जंक्शनात तिन्ही मापांचे रूळ होते. पुण्याकडचा ब्रॉडगेज, बेळगावकडचा मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडचा नॅरोगेज. आमच्या घरातही तसंच होतं. अण्णा ब्रॉडगेज. वेळापत्रक ठरलेलं, रूळ ठरलेला, सिग्नल पडल्याशिवाय हलायचं नाही. आजी मीटरगेज. गाडी जुनी, पण आवाज मोठा. आणि आई नॅरोगेज. ही छोटी गाडी काही वेगात जायची नाही, पण ब्रॉडगेजला माहीतही नसलेल्या गावांना ती जायची, आणि वारीच्या दिवसांत तिच्या टपावरसुद्धा माणसं बसलेली असायची, तरी तिनं कधी कुणाला खाली उतर म्हटलं नाही.

आई मंगळवेढ्याकडची. सातवीनंतर तिची शाळा सुटली, अठराव्या वर्षी लग्न झालं आणि एकोणिसाव्या वर्षी ताई. त्यापुढचं गणित तुम्हांला कळलंच आहे. पण एवढ्या रगाड्यात तिला स्वतःचं मत ठेवायला वेळ कुठून मिळे, याचं मला आजही नवल वाटतं. तिचं एक वाक्य होतं. कुणी काहीही विचारायला गेलं, की ती हातातलं काम न थांबवता म्हणे, "करून बघ की. काय होतंय?"

आता असं वाक्य एक-दोन मुलांच्या आईनं म्हणणं वेगळं आणि सात मुलांच्या आईनं म्हणणं वेगळं. सातजणांनी एकाच वेळी काहीतरी करून बघायला घेतलं तर दोन खोल्यांच्या क्वार्टरात काय होतं, ते आमच्या शेजाऱ्यांना विचारा. मिरज हे वाद्यांचं गाव. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात अजूनही दरवर्षी संगीतसभा होते आणि सतारी-तंबोरे करणाऱ्यांची गल्ली तर देशभर माहीत आहे. बापू एक दिवस त्या गल्लीतून तडा गेलेला एक भोपळा फुकट घेऊन आला. त्याला तंबोरा करायचा होता. आजीनं भोपळा बघून आमटीची तयारी सुरू केली. तो कडू भोपळा असतो, खात नाहीत, हे सांगितल्यावर तिचा संगीतातला रस संपला. आई म्हणाली, "करून बघ की." बापूनं भोपळ्याला बांबू जोडला आणि त्यावर सायकलच्या ब्रेकच्या तारा ताणून बसवल्या. पहिल्या दिवशी त्यानं तार छेडली, तेव्हा शेजारचे गार्डकाका गाडी सुटली असं समजून टोपी घालून बाहेर आले. तंबोरा आठ दिवसांत मोडला. पण तारा गुंडाळायचा नाद बापूला जो लागला तो लागलाच. आज तो कोल्हापूरला पंपांच्या मोटारी रिवाइंड करतो आणि त्यात बऱ्यापैकी मिळवतो. मोटार दुरुस्त झाली की नुसत्या आवाजावरून सांगतो. त्याचा कान तयार आहे, असं आई म्हणते.

मोठ्या कुटुंबात दिवाळीला एकच तागा आणून सगळ्यांना त्याचेच कपडे शिवायची पद्धत असते. मग ती मुलं बँडवाल्यांसारखी दिसतात. आमच्याकडे आईनं ही पद्धत मोडली. तिनं प्रत्येकाच्या हातात सारखे पैसे दिले आणि कापडाच्या दुकानात सोडलं. "तुमचं तुम्ही निवडा. पण वर्षभर तेच घालायचं आहे, हे ध्यानात ठेवा." त्या वर्षी दादानं भडक लाल रंगाचं शर्टपीस घेतलं. अण्णांनी ते बघितलं आणि डोळे मिटून घेतले. "याला फलाटावर घेऊन येऊ नका," ते म्हणाले, "गाडी थांबेल." दादानं तो शर्ट वर्षभर घातला. त्यानंतर आजतागायत तो पांढऱ्याशिवाय दुसरा रंग घालत नाही. आईनं त्याला एका शब्दानंही काही सांगितलेलं नाही.

घरकामाचं तिनं पाळीपत्रक केलं होतं. त्यात मुलगे-मुली असा भेद नव्हता. सोमवारी भांडी दादा, मंगळवारी अक्का, असं. बापूला भाकरी थापायला बसवलं, तेव्हा आजीनं एक वेळ उपास केला. शेजारच्या बायका दारातून बघून जात. अण्णांना काळजी ही, की भाकऱ्या थापणाऱ्या पोराला मुलगी कोण देणार? पुढे बापूचं लग्न ठरायच्या वेळी मुलीच्या आईनं एकच प्रश्न विचारला, "याला भाकरी येते म्हणतात, ते खरं का?" खरं आहे म्हटल्यावर पगार विचारायचंसुद्धा त्या विसरल्या.

पण या सगळ्या झाल्या गंमती. आई खरी कळली ती १९८७च्या संक्रांतीला. चाळीतल्या बायकांचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. आमची आजी विधवा. अशा दिवशी ती मागच्या खोलीत डाळ निवडत बसे. तिचं तिलाच ते सवयीचं झालेलं. शेजारी एक नर्सबाई राहत. मिशन हॉस्पिटलात नोकरी, नवरा वारलेला. त्यांनाही कुणी बोलवत नसे. त्या वर्षी आईनं आधी जाऊन नर्सबाईंना बोलावलं, आणि मग मागच्या खोलीत जाऊन आजीच्या हातातलं सूप काढून घेतलं. "सासूबाई, बाहेर या. पहिलं वाण तुमचं." आजी म्हणाली, "अगं, वेड लागलं का तुला?" आई म्हणाली, "लागू दे की."

आजी बाहेर आली. तिला कुठं बसावं ते कळेना. दोन बायका उठून गेल्या. पुढे वर्षभर त्या आईशी बोलत नव्हत्या. पुढच्या संक्रांतीला आई स्टीलचे डबे लुटणार, अशी बातमी चाळीत पसरली (ती पसरवायचं काम माझ्याकडे होतं), तेव्हा त्या दोघी सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या आणि आजीच्या पायाही पडल्या. स्टील ही त्या काळात मोठी समाजसुधारक वस्तू होती.

त्या डब्यांचे पैसे आईचे स्वतःचे होते. ती दुपारी मशीनवर ब्लाऊज शिवायची. पुढे तिनं बँकेत स्वतःच्या नावाचं खातं उघडायचं काढलं. अण्णा म्हणाले, "कशाला? माझं आहे की खातं." आई म्हणाली, "तुमचं आहे, म्हणूनच." त्या काळी नवीन खात्याला जुन्या खातेदाराची ओळख लागे, फॉर्मवर त्याची सही लागे. अण्णा आपलं पेन पुसून वाट बघत बसले. आई नर्सबाईंची सही घेऊन आली. त्या खात्याचा पहिला भरणा ४० रुपयांचा होता. आज मी रोज शेकडो व्हाउचरं बघतो, पण ती पावती आईनं जशी पदर पुसून हातात धरली होती, तशी हातात धरणारं गिऱ्हाईक माझ्या काउंटरवर अजून यायचं आहे.

आता सतरा नंबरच्या फॉर्माकडे वळतो. ज्यांनी शाळा सोडली आणि तरी ज्यांना दहावीला बसायचं आहे, त्यांच्यासाठी बोर्डाचा हा फॉर्म असतो, हे मी महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगायला नको. जवळपास प्रत्येक घरात एकजण तरी सतरा नंबरवाला असतो आणि त्याच्याविषयी पाहुण्यांसमोर बोलत नाहीत.

१९९२ साली माई दहावीला गणितात गेली. रडली, जेवली नाही, आणि आता आपण पुन्हा परीक्षेला बसणार नाही असं तिनं जाहीर केलं. अण्णांना दुःख झालं, पण फार नाही. त्यांच्या नजरेत कुर्डुवाडीचं एक स्थळ होतं. मुलगा रेल्वेतच, क्वार्टर मिळालेलं. "आत्ता बघून ठेवू," ते म्हणाले, "अठरा पुरी झाली की उडवून देऊ. नाही तरी तिला शाळेत गोडी नाही." माई काही बोलली नाही. बोलणाऱ्यातली ती नव्हतीच. सातजणांत पाचवी, म्हणजे मधल्या डब्यासारखी. इंजिन ओढेल तिकडे जायचं.

आईही काही बोलली नाही. दोन दिवसांनी ती सकाळच्या छोट्या गाडीनं एकटीच पंढरपूरला गेली, तिथून एस.टी.नं मंगळवेढ्याला, आणि रात्री परत आली. सोबत एक कागद होता. तिच्या गावच्या शाळेतला तिचा स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला, १९५९ सालचा. जेवणं झाल्यावर तिनं तो अण्णांसमोर ठेवला. आम्ही सगळे अवतीभवती. अण्णांनी चष्मा लावून वाचायला सुरुवात केली. रेल्वेतल्या माणसाला कागद मोठ्यानं वाचायची सवय असते. प्रगती : उत्तम. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : पालकांची इच्छा.

तिथं त्यांचा आवाज थांबला.

आई म्हणाली, "मी सतरा नंबरचा फॉर्म भरणार आहे. माई पण बसेल माझ्याबरोबर. नसेल बसायचं, तर तिच्या दाखल्यावर काय कारण घालायचं, तेवढं तुम्ही सांगा."

अण्णांनी दाखल्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "या वयात? लोक काय म्हणतील?" यावर मागच्या खोलीतून मीटरगेजची शिट्टी झाली. "काय म्हणायचंय ते म्हणू देत," आजी म्हणाली. "स्टीलचा डबा दिला की गप बसतात."

कुर्डुवाडीचं स्थळ बारगळलं.

मग आमच्या घरी जो अभ्यास सुरू झाला, तसा बोर्डानं पाहिला नसेल. ताईचं लग्न झालेलं होतं, पण ती माहेरपणाला आली की विज्ञान घेई. दादाकडे भूमिती. अक्का डी.एड. झालेली, तिच्याकडे हिंदी. मी आठवीत, म्हणून माझ्याकडे भूगोलाचे नकाशे आणि गाइडातले प्रश्न विचारणं. सव्वासेहेचाळीस वर्षांच्या विद्यार्थिनीला "सांगा, काळी मृदा कुठं सापडते?" असं दरडावून विचारायचा जो आनंद मी त्या वर्षी घेतला, तो पुढे बँकेत कुठल्याही खातेदाराला विचारून मिळाला नाही. आई पोळ्या लाटत उत्तरं देई. चुकली तर माई सांगे आणि माई चुकली तर आई. कुणीही चुकलं तरी पोळी करपे.

बीजगणिताची आम्हांला धास्ती होती. पहिल्याच दिवशी आईनं विचारलं, "हा क्ष म्हणजे कोण?" दादा म्हणाला, "क्ष म्हणजे आपल्याला माहीत नसलेली संख्या. ती शोधून काढायची." आई क्षणभर थांबली. "म्हणजे वीस तारखेनंतरचा खर्च," ती म्हणाली. त्यानंतर तिला बीजगणित शिकवावं लागलं नाही. सात मुलांचा संसार एका पगारात चालवणाऱ्या बाईला दोन चलांतली समीकरणं म्हणजे काहीच नाही. तिच्या समीकरणात दहा चलं होती आणि त्यातली सात रोज वाढत होती. माईला मात्र गणित पहिल्यांदा तिथंच, परातीशेजारी कळलं.

इंग्रजीला मास्तर नव्हता. तसं घरात इंग्रजी येणारा माणूस एकच, आणि तो वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलेला असे. वर्तमानपत्राचं पान मात्र तासभर उलटत नसे.

मार्च १९९३. परीक्षेच्या पहिल्या दिवशी दारातच आईला अडवलं. "पालकांनी बाहेर थांबायचं." तिनं प्रवेशपत्र पुढे केलं. तो शिक्षक बिचारा फोटो बघे, तोंड बघे. वर्गात ती शिरली तेव्हा तर कहर झाला. पाचवारी नेसलेली, चष्मा लावलेली पोक्त बाई तरातरा आत येताना पाहून पोरांना वाटलं, भरारी पथक आलं! खिडक्यांतून चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. बाहेर मी माईसाठी थांबलो होतो, माझ्या डोक्यावर इतिहासाचं अख्खं एक प्रकरण पडलं. आई शांतपणे शेवटच्या बाकावर जाऊन बसली, पेनाचं टोपण काढलं, तेव्हा कुठं पोरांना उलगडा झाला. त्या वर्षी त्या वर्गाचा निकाल कमी लागला असेल, तर त्याला कारण माझी आई आहे.

निकाल जूनमध्ये लागला. माई पास. गणितातसुद्धा पास, ७१ गुण. आईला गणितात माईपेक्षा जास्त, १५० पैकी ८८. बाकी सगळ्या विषयांत पास आणि इंग्रजीत २९. पासाला ३५ लागतात. म्हणजे आई नापास.

घरात कुणाला हसावं की रडावं कळेना. आईनंच पेढे आणले. "एक पास, एक नापास," ती म्हणाली, "अर्धा किलोच्या जागी पाव किलो." मला वाटलं, आता हे प्रकरण संपलं. माईला पुन्हा बसवण्यासाठी तर हा खटाटोप होता. माई तर सुटली. माईला अकरावीला घातलं, फी भरली आणि संध्याकाळी आईनं ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म काढला. अक्का म्हणाली, "आई, आता कशाला? माई झाली की पास." आई म्हणाली, "माई झाली. मी कुठं झालेय?"

त्या रात्री अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "इकडे आण ते पुस्तक," ते म्हणाले.

अण्णांचं इंग्रजी पक्कं होतं, पण ते सगळं पार्सल ऑफिसातलं. त्यांना 'प्रेम' या शब्दाला इंग्रजी आठवायला वेळ लागला असता. 'माल खराब अवस्थेत मिळाला' याला लागला नसता. चार महिने त्यांनी आईला रोज रात्री तासभर शिकवलं. पत्रलेखनावर भर. कुठलंही पत्र असो, सुरुवात एकच : 'विथ रेफरन्स टू द अबव्ह'. आईनं विचारलं, "पण वर काही नसलं तर?" अण्णा म्हणाले, "तरी लिहायचं. वजन येतं."

ऑक्टोबरच्या पेपरात मैत्रिणीला वाढदिवसाचं आमंत्रण द्यायचं पत्र आलं. आईनं लिहिलं, ते तिनं घरी आल्यावर आम्हांला म्हणून दाखवलं : 'विथ रेफरन्स टू द अबव्ह, यू आर हिअरबाय इन्फॉर्म्ड दॅट माय बर्थडे विल टेक प्लेस ऑन संडे. काइंडली अराइव्ह राइट टाइम.' आम्ही हसून लोळलो. अण्णा हसले नाहीत. ते गंभीरपणे म्हणाले, "बरोबर आहे. एकही चूक नाही." परीक्षकही बहुधा रेल्वेतून शिक्षण खात्यात आला असावा. आईला ४१ गुण मिळाले.

ती गुणपत्रिका अण्णांनी 'झेरॉक्स काढून आणतो' म्हणून नेली आणि तीन दिवस परत आणली नाही. पार्सल ऑफिस, बुकिंग ऑफिस, गार्डांची खोली, सगळीकडे ती फिरून आली. चौथ्या दिवशी परत आली तेव्हा तिच्यावर चहाचा एक गोल डाग होता. तो अजून आहे.

माई पुढे बारावी करून नर्सिंगला गेली. शेजारच्या नर्सबाईंनी फॉर्म आणून दिला होता. आज ती सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, आणि इंजेक्शनला घाबरणाऱ्या पेशंटला "काय होतंय? घेऊन बघ की," असं म्हणते म्हणे. मीही बँकेच्या परीक्षेच्या वेळी आईला विचारलं होतं, बसू का? उत्तर तुम्हांला ठाऊक आहे. मला वाटतं, मी दरोडा घालू का विचारलं असतं, तर मात्र तिनं पोळी लाटणं थांबवून वर बघितलं असतं.

अण्णा २०११ साली गेले. त्याआधीच आजी गेली होती. छोटी गाडीही गेली. पंढरपूरला आता मोठ्या रुळावरून जातात. आई माझ्याकडे असते. म्हणजे असं मी म्हणतो. ती म्हणते, मी तिच्याकडे असतो.

८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या आणि सगळ्या महाराष्ट्रातल्या डाळीच्या डब्यांना कंठ फुटला. आमच्या शाखेसमोर रांग वळणावरून दिसेनाशी झाली होती. दुपारी दोनला मी मान वर केली, तर काचेपलीकडे आई! सत्तर वर्षांची बाई, तीन तास रांगेत. मी म्हटलं, "अगं, घरी द्यायचेस ना माझ्याकडे. निदान मागच्या दारानं तरी यायचंस." ती म्हणाली, "खातं माझं आहे. रांगेतच येणार." स्लिप भरलेली होती. रक्कम ४९,५००. पन्नास हजारांच्या वर रोख भरली की तेव्हा पॅन नंबर लागे, हा नियम तिला कुणी सांगितला, हे मी अजून शोधतो आहे. "एवढे पैसे कुठून आले?" मी हळूच विचारलं. ती काचेला तोंड लावून सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सगळ्यांना विचारतोस का असं?"

रांग हसली. मी शिक्का मारला.

त्यानंतर तीन वर्षांनी शाखेचं नूतनीकरण झालं. नवा रंग, नवे काउंटर, आणि जागा मोकळी दिसावी म्हणून म्हाताऱ्या माणसांसाठी ठेवलेल्या चार खुर्च्या काढून टाकल्या. पंधरा दिवसांनी मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या हातात रेघी कागदावरचं एक इंग्रजी पत्र होतं. "बघा हो जरा, हे कुठल्या वकिलाचं दिसतंय. भाषा कडक आहे. पण वर काहीच विषय नाही आणि सुरुवातच आहे 'विथ रेफरन्स टू द अबव्ह'..."

मी पत्र हातात घेतलं. पुढे लिहिलं होतं : चार खुर्च्या गहाळ आहेत. चार्‍ही खुर्च्या चांगल्या अवस्थेत परत पोचत्या कराव्यात. खाली सही होती आणि खातेनंबर.

"ओळखता का या बाईंना?" साहेबांनी विचारलं.

"ओळखतो," मी म्हटलं. "जुन्या खातेदार आहेत. खुर्च्या दिलेल्या बऱ्या."

खुर्च्या आल्या. पुढच्या सोमवारी आई शाखेत आली, एका खुर्चीवर पाच मिनिटं बसली, आणि काही न भरता, काही न काढता निघाली. मी काउंटरवरून उठून दारापर्यंत गेलो आणि विचारलं, "काय काम होतं गं?"

"काही नाही," ती म्हणाली. "बसून बघितलं."